रचलेल्या भाषांचे उच्चार मराठी तोंडानं कसे शिकायचे?

धामकाठी

नमस्कार मंडळी,

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात संध्याकाळी आठवी ते बारावीची मुलं जमतात. त्यांच्यातल्या काहींना रचलेल्या भाषांचा नाद लागला आहे. सुरुवात झाली 'बाहुबली'तल्या कालकेयांच्या किलिकीपासून. ती भाषा मदन कार्की या तमिळ गीतकारानं रचली, सुमारे 750 शब्द आणि 40 नियमांची, हे कळल्यावर मुलांचा प्रश्न ठरलेला होता: असं आणखी कोणी केलंय का? तिथून 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्कीनच्या क्वेन्या आणि सिंदारिन या एल्फ लोकांच्या भाषा, मग 'स्टार ट्रेक'मधली क्लिंगॉन, 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतली दोथ्राकी, 'अवतार'मधली नावी, अशी रांगच लागली.

मला या नादाचं मनापासून कौतुक आहे. व्याकरण म्हटलं की पळणारी मुलं आपणहून विभक्ती, प्रत्यय, घोष-अघोष यांच्याबद्दल विचारतात, हे मी रोज बघतो आहे. म्हणूनच हा धागा.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते ठामपणे मांडतो. या भाषांचे उच्चार इंग्रजीच्या वाटेनं शिकू नयेत. त्या रोमन अक्षरांत छापल्या जातात म्हणून मुलं त्या इंग्रजीसारख्या वाचतात आणि तिथेच घोटाळा होतो. आपल्या तोंडात आणि आपल्या शाळेच्या व्याकरणात या भाषांसाठी लागणारं पुष्कळ काही आधीपासून तयार आहे.

टोल्कीनचंच घ्या. त्यानं 1954-55 साली आलेल्या कादंबरीच्या शेवटी उच्चारांचं वेगळं परिशिष्ट दिलं आहे. त्यातले नियम थोडक्यात असे. रोमन 'सी' हे अक्षर कायम 'क'. म्हणून 'केलेबोर्न', 'सेलेबोर्न' नव्हे. 'र' प्रत्येक ठिकाणी जीभ थरथरवून स्पष्ट म्हणायचा, शब्दाच्या शेवटीसुद्धा. इंग्रज माणूस तो गिळतो, आपण गिळत नाही. जोडाक्षर दुहेरी असेल तर दोन्ही व्यंजनं ऐकू आली पाहिजेत, आपण 'पक्का' आणि 'पका' यांत फरक करतो तसा. शेवटचा 'ए' गाळायचा नाही. 'मान्वे' हे 'मान्वे'च. त्या 'ए'वर दोन टिंबं दिसतात ती उच्चार बदलायला नाहीत, तो स्वर स्वतंत्र म्हणा एवढंच सांगायला आहेत.

आणि आघात, म्हणजे कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा ते! इथे मला सगळ्यात जास्त आनंद झाला. नियम असा: शब्द दोन अक्षरांचा असेल तर आघात पहिल्यावर. त्याहून मोठा असेल तर शेवटून दुसरं अक्षर बघायचं. ते गुरू असेल, म्हणजे स्वर दीर्घ किंवा संयुक्त असेल किंवा पुढे जोडाक्षर असेल, तर आघात त्याच्यावर. लघु असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. ज्यानं शाळेत वृत्तं ओळखण्यासाठी श्लोकावर लघु-गुरूच्या खुणा केल्या आहेत त्याला हे नव्यानं शिकवावंच लागत नाही. 'इसिल्दुर' मध्ये 'सि'च्या पुढे 'ल्द' आहे, म्हणून 'सि' गुरू, आघात तिथेच. 'एलेन्तारी' मध्ये 'ता' दीर्घ, आघात 'ता'वर. 'लेगोलास' मध्ये 'गो'चा स्वर ऱ्हस्व आणि पुढे एकच व्यंजन, म्हणून आघात मागे सरकून 'ले'वर. आमच्या दहावीच्या एका मुलीनं एका बैठकीत पानभर नावांवर खुणा करून दिल्या.

आता मदत हवी ती अशी. मुलं मराठी माध्यमातली आहेत, म्हणून उच्चार देवनागरीत लिहून द्यायचे आहेत. आपल्याकडे नसलेले आवाज कसे लिहावेत आणि तोंडात कसे आणावेत? या भाषांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

पोट्टा_दारव्ह्याचा

भौ, लय चांगला धागा काढला तुम्ही. मी क्लिंगॉन शिकून राह्यलो, म्हनून थोडं सांगतो. लिहीन मी माह्याच बोलीत.

क्लिंगॉन बनवली मार्क ओक्रँडनं. त्याचा शब्दकोश आला 1985 साली. हे भाषा ऐकाले परग्रहावरची वाटली पायजे असं त्याले सांगतलं होतं. मंग त्यानं काय केलं, तर माणसाच्याच भाषांमंदले आवाज घेतले, पन जोड्या मोडून टाकल्या. म्हंजे 'ड' हाय, पन त्याचा जोडीदार 'ट' नाई. 'क' नाई, 'ग' नाई, पन घशातला 'क़' हाय अन् 'ङ' हाय. आपल्या वर्णमालेत कसं, एका वर्गात पाच आवाज रांगेनं उभे. थे रांगच त्यानं तोडली. म्हनून कानाले खटकते.

आपल्याले फायदा असा का त्याचा 'ड' म्हंजे आपलाच 'ड', जीभ वर वयवून टायूले लावाची. 'स'च्या जागी जे मोठं 'एस' लिहितेत थे आपलं 'ष' हाय, खरं मूर्धन्य 'ष', 'श' नाई. इंग्रजीवाल्यायले या दोन आवाजांसाठी लय मेहनत लागते. आपल्याले फुकटात भेटले.

ध्यानात ठेवाचं का क्लिंगॉनमंदी रोमन अक्षर लहान का मोठं यानं आवाज बदलते. लहान 'क्यू' म्हंजे 'क़', उर्दूतल्या 'क़लम'चा. मोठं 'क्यू' म्हंजे तिथूनच पन घासून, खाकरल्यासारखं, जोरात.

आता सगळ्यात कठीन आवाज सांगतो. रोमनमंदी तीन अक्षरं लिहितेत, टी-एल-एच. भाषेचं क्लिंगॉनमंदी जे नाव हाय, त्यातच थो पयला हाय. जिभेचं टोक 'ल' म्हनाले ठेवतो तिथं ठेवाचं अन् दाबून धराचं. आवाज काढाचा नाई. मंग टोक न हलवता जिभेच्या दोन्ही बाजू झटक्यानं सैल करून हवा बाहेर फेकाची. हवा गालाकडून गेली पायजे. बैल हाकलतानी आपन गालातून टकटक करतो ना, जीभ जवळपास त्याच जागेवर असते. फरक येवढाच का बैलाले करतो त्या आवाजात हवा आत ओढल्या जाते, अन् इथं फुफ्फुसातून बाहेर येते. माह्यावाल्या मित्रांयले असंच सांगतलं, तवा जमलं त्यायले.

अन् वरची उभी रेघ दिसन तुम्हाले, स्वल्पविरामासारखी. थे सजावट नाई, थे व्यंजन हाय. गळा क्षणभर बंद कराचा. लहान पोराले 'नको' म्हनतानी आपन 'अं-अं' करतो, त्या दोघांच्या मंदात गळा बंद होते पाहा, थोच.

अक्षरवेल्हाळ

धामकाठीदादा, उपक्रम फार आवडला. पण देवनागरीवर तुमचा जेवढा विश्वास आहे तेवढा माझा नाही. तीन अडचणी मांडते. त्यांचं उत्तर निघाल्याशिवाय मुलांच्या हाती तक्ता देऊ नये असं माझं मत आहे.

पहिली अडचण 'अ' आणि 'आ'ची. क्वेन्यात रोमन 'a' या अक्षराचा ऱ्हस्व आणि दीर्घ आवाज एकाच जातीचा आहे, फक्त लांबी वेगळी. मराठीत 'अ' आणि 'आ' हे दोन निराळेच स्वर आहेत, तोंडाचा आकारच बदलतो. निरोप घेताना म्हणायचा शब्द घ्या. तो 'नमारिए' लिहिला तर पहिलं अक्षर चुकतं आणि 'नामारिए' लिहिला तर पहिली दोन अक्षरं सारख्या लांबीची होतात. हवा आहे ऱ्हस्व 'आ', आणि तो आपल्या लिपीत नाही.

दुसरी अडचण 'इ-ई' आणि 'उ-ऊ' यांची. लिहिताना आपण ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, बोलताना फारसं पाळत नाही. शब्दाच्या शेवटी सगळंच दीर्घ होतं. या भाषांमध्ये लांबी कानाला कळावीच लागते. डेव्हिड पीटरसनच्या हाय व्हॅलिरियनमध्ये, म्हणजे 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्याच दुसऱ्या भाषेत, दीर्घ स्वरांवर आडवी रेघ असते आणि तिथे लांबी चुकली की रूपच बदलतं. आठ विभक्ती, चार लिंगं आणि चार वचनं असलेल्या भाषेत हे परवडणारं नाही.

तिसरी अडचण सर्वांत घातक आहे, कारण ती दिसत नाही. आपण 'टी-एच' दिसलं की 'थ' म्हणतो, 'के-एच' दिसलं की 'ख'. सिंदारिनमधलं 'टी-एच' म्हणजे 'थ' नाही. दोथ्राकीतलं 'के-एच' म्हणजे 'ख' नाही. मुलांना फरक कळतो का हे तपासायला मी एक साधी कसोटी वापरते: आवाज लांबवून बघायचा. 'स' लांबवता येतो, दम संपेपर्यंत. 'थ' लांबवता येत नाही, तो एकदा फुटला की संपला. सिंदारिनचा तो आवाज 'स'सारखा लांबवता आला पाहिजे. जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला अलगद टेकवायचं, अडवायचं नाही, आणि हवा सोडत राहायचं. तसंच 'ख'चं. 'ख' फुटतो, दोथ्राकीचा 'ख़' वाहतो.

सातपुडापायथा

अक्षरवेल्हाळताई, 'ख़'साठी फार लांब जायची गरज नाही. आमच्या अकोट-बाळापूर भागात उर्दू बोलणारी कितीतरी घरं आहेत. आमच्या वर्गातली उर्दू घरांतली मुलं 'ख़बर' आणि 'ग़ज़ल' जन्मापासून म्हणत आली आहेत. मी शिक्षिका आहे. दोथ्राकीचा विषय निघाला तेव्हा मी त्या मुलांनाच पुढे बोलावलं आणि बाकीच्यांना ऐकायला लावलं. नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, का देतात हे त्या दिवशी सगळ्या वर्गाला कळलं. देवनागरीत नुक्ता आहेच, मग तो वापरू या. 'थ़' आणि 'द़' सुद्धा तसेच लिहिता येतील.

मी स्वतः नावी शिकते, पॉल फ्रॉमरनं 2009च्या सिनेमासाठी रचलेली. तिच्याबद्दल थोडं लिहिते, कारण तिथे मराठीचा उपयोग अनपेक्षित ठिकाणी होतो.

नावीतला 'टी-एस' म्हणजे 'चाक'मधला 'च'. 'चहा'मधला नव्हे. इंग्रजी बोलणाऱ्याला हा आवाज शब्दाच्या सुरुवातीला काढताना अडखळायला होतं, आपण दिवसभर काढतो.

मग येतात 'र्र' आणि 'ल्ल', जे तिथे स्वर म्हणून येतात. 'दिवस' या अर्थाचा शब्द आहे 'ट-र्र', त्यात दुसरा स्वरच नाही, 'र'च स्वराचं काम करतो. मुलांनी विचारलं, र स्वर कसा असेल? मी पाठ्यपुस्तकातली स्वरांची यादी उघडली आणि 'ऋ' आणि 'ऌ' दाखवले. 'कॢप्ती' या शब्दापुरता उरलेला तो 'ऌ' मुलांना कायम निरुपयोगी वाटायचा. आपण आज 'ऋ'चा उच्चार 'रु' करतो, पण तो स्वरांमध्ये का बसवला होता हे नावी म्हणून बघितल्यावर समजतं.

अवघड आहेत ते फुटके आवाज, प, त, क यांच्यापुढे रोमनमध्ये 'एक्स' लावून लिहिलेले. ते असे शिकवते. तळहात तोंडापुढे धरा. 'ख' म्हणा, हाताला वाफ लागते. 'क' म्हणा, थोडी लागते. आता श्वास गळ्यात कोंडून धरा, वजन उचलताना कोंडतो तसा, आणि तो न सोडता 'क' फोडा. चट् असा आवाज येतो आणि हाताला वाफ लागत नाही. तो बरोबर. वाफ लागली की पुन्हा. एकदा जमला की मुलं तो सुटीभर करत बसतात.

आणि भाषेच्या नावातसुद्धा मध्ये गळा बंद आहे, दारव्ह्याच्या भाऊंनी सांगितला तोच. 'ना', थांबा, 'वी'.

झाडीपट्टी

मी गडचिरोलीत राहतो. हा धागा वाचून मनात जे आलं ते मोकळेपणानं लिहितो, कोणाचा उत्साह मोडायचा हेतू नाही.

आमच्या भामरागडकडे माडिया बोलतात. यवतमाळ-वर्ध्याकडे कोलामी आहे. मेळघाटात कोरकू आहे, तीही मराठीच्या नात्यातली नाही आणि गोंडीच्याही नाही, मुंडा कुळातली. बुलढाण्याच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलतात, जिचं जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी नातं सिद्ध झालेलं नाही. अख्ख्या जगात अशा एकाकी भाषा मोजक्याच आहेत आणि त्यातली एक विदर्भात आहे. बोलणारे फार थोडे उरले आहेत. वाचनालयातल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? एल्फांचा निरोपाचा शब्द येतो आणि शेजारच्या पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, माणसाला 'कसा आहेस' विचारता येत नाही, याचं मला दुःख होतं.

धामकाठी

झाडीपट्टी सर, तुमचं दुःख खरं आहे आणि ते मी माझं मानतो. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं मला वाटत नाही, आणि त्याला एक आधार आहे.

क्लिंगॉन रचणाऱ्या ओक्रँडनं 1977 साली बर्कली विद्यापीठात पीएचडी केली ती मुत्सुन भाषेच्या व्याकरणावर. ती कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांची भाषा. ती अस्खलित बोलणारी शेवटची स्त्री 1930 साली गेली. ओक्रँडनं जुन्या टिपणांवरून व्याकरण उभं केलं. म्हणजे भाषा कशी बांधलेली असते हे तो शिकला ते एका हरवलेल्या भाषेच्या कागदांवर.

आणि बर्कलीचा तो भाषाशास्त्र विभाग ज्यांनी उभा केला ते मरे एमेनो. त्यांनी काय केलं होतं? 1930च्या दशकात भारतात हिंडून इथल्या भाषा टिपल्या. त्यांचं कोलामीचं व्याकरण 1955 साली छापून आलं आणि ते मुख्यतः वर्ध्याकडच्या कोलामीचं आहे. आमच्या जिल्ह्यातल्या कोलामांनी सांगितलेले शब्द त्या पुस्तकात आहेत.

मला यातून मुलांना हेच दाखवायचं आहे. रचलेल्या भाषेनं कान तयार होतो. तयार कानानं कोलामी ऐकली तर तीत काय आहे ते कळेल. आज आमची मुलं कोलामी ऐकून 'काहीतरी बोलतात' एवढंच म्हणतात. घोष-अघोष, ऱ्हस्व-दीर्घ, कंठ्य-मूर्धन्य हे भेद ज्याला स्वतःच्या तोंडात जाणवले तो असं म्हणणार नाही.

झाडीपट्टी

एमेनोंचं पुस्तक माहीत होतं, बर्कलीचा धागा माहीत नव्हता. बरं वाटलं वाचून.

मग एक भर माझ्याकडून. मुलांना लिपी रचणं आवडत असेल तर त्यांना गोंडीची मसराम लिपी दाखवा. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी ती 1918 साली तयार केली. बालाघाट म्हणजे गोंदियाच्या पलीकडे, आपल्या दारात. 2017 साली तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली. क्लिंगॉनच्या लिपीचा प्रस्ताव मात्र युनिकोडनं 2001 साली नाकारला होता. लिपी रचणारा माणूस आपल्याच मुलखातला असू शकतो, हे मुलांना कळलं पाहिजे.

ऋद्धिपुरी

लिपीचा विषय निघालाच आहे तर मला राहवत नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं तीर्थ. 'लीळाचरित्र' घडलं ते या परिसरात, तेराव्या शतकात. पुढे पंथाच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहिल्या जाऊ लागल्या. सकळ, सुंदरी अशी त्यांची नावं. पंथाबाहेरच्या अभ्यासकांना त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडल्या, राजवाडे, भावे यांच्या काळात. तोवर कित्येक शतकं उत्तम मराठी गद्य त्या अक्षरांआड सुरक्षित होतं. आज तिथेच मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे.

हे सांगायचं कारण असं की लिपी आणि भाषा यांच्यात मुलांची गल्लत होते. सकळ लिपी रचलेली होती, पण आतली भाषा आपली मराठीच. टोल्कीनची तेंग्वार लिपीसुद्धा अशीच: ती एका भाषेची नाही, तिच्यात क्वेन्याही लिहितात, सिंदारिनही, आणि कोणी मनावर घेतलं तर मराठीही लिहिता येईल.

मी तेंग्वारचा अभ्यास बराच केला आहे. तिची मुख्य 24 अक्षरं चार स्तंभ आणि सहा ओळींच्या चौकटीत बसतात. स्तंभ म्हणजे उच्चाराचं स्थान: दात, ओठ, टाळू, कंठ. ओळ म्हणजे उच्चाराची रीत: पहिल्या ओळीत अघोष, दुसरीत घोष, मग घासून येणारे, खाली अनुनासिक. आपली क-च-ट-त-प ही मांडणी याच विचारावर उभी आहे. फरक असा की आपल्या 'क' आणि 'ग'च्या आकारात काही नातं नाही, तेंग्वारमध्ये आहे. अघोष अक्षराची कमान दुहेरी केली की तेच अक्षर घोष होतं. दांडी वर उचलली की घासून येणारा आवाज होतो. अक्षर बघूनच जीभ कुठे न्यायची ते समजतं.

स्वर व्यंजनाच्या डोक्यावर खुणांनी देतात: 'आ'ला तीन टिंबं, 'इ'ला एक. क्वेन्या लिहिताना खूण आधीच्या व्यंजनावर बसते, म्हणजे अगदी आपली मात्रा. सिंदारिन लिहिताना मात्र ती पुढच्या व्यंजनावर जाते, तिथे मुलं हमखास चुकतात. म्हणून आधी क्वेन्याच्या पद्धतीनं स्वतःची नावं लिहायला द्या. एकदा हात बसला की मग दुसरी पद्धत.

रातराणी_८६

माझा मुलगा बारावीला आहे. तोही या नादात आहे. अभ्यासाचं वर्ष, म्हणून काळजी वाटते. यातून पुढे काही होतं का?

अक्षरवेल्हाळ

रातराणीताई, काळजी साहजिक आहे. पोटापाण्याचं सांगायचं तर सिनेमांसाठी भाषा रचून जगणारे लोक जगात हातावर मोजण्याइतकेच. पण भाषाशास्त्र, भाषांतर, उच्चार शिकवणं, संगणकाला बोलायला शिकवणं, यांत काम आहे, आणि तिथे लागणारी मूळ जाण हीच. बारावीचं वर्ष संपेपर्यंत वेळ ठरवून द्या, बंद मात्र करू नका असं मी म्हणेन. मुलगा घरात बसून ध्वनींचा अभ्यास करतोय, ताई.

खंजिरी

मी मोझरीजवळच्या गावातला. भजन मंडळात आहे. क्लिंगॉन वगैरे मला माहीत नाही, पण ताईंनी जी अडचण सांगितली त्यावर एक सुचतं. आमच्या भजनाच्या वहीत एखादं अक्षर लांबवायचं असलं की पुढे ऽ अशी खूण करतो. जेवढं लांबवायचं तेवढ्या खुणा. मग 'आ' सगळीकडे आखूड धरा आणि जिथे दीर्घ हवा तिथे ऽ द्या. चालेल का?

अक्षरवेल्हाळ

खंजिरीकाका, चालेल काय, अगदी हेच हवं होतं! अवग्रह लिपीत आहेच आणि तो लांबी दाखवतो हे प्रत्येक गावात माहीत आहे. मग असं करू या. 'ा', 'े', 'ो' म्हणजे ऱ्हस्व, पुढे ऽ असेल तर दीर्घ. 'इ-उ' यांना ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही चिन्हं आहेतच, पण मुलांना बजावून सांगायचं की लिहिलं तसंच म्हणा, शेवटचं अक्षर आपोआप ओढू नका. शब्दाच्या शेवटी व्यंजन असेल तर पाय मोडायचा, नाहीतर कोणीतरी 'अ' चिकटवतो. आणि वाहणाऱ्या आवाजांना नुक्ता.

तो निरोपाचा शब्द मग 'नामाऽरिए'. आघात काढून बघा: 'रि' लघु, म्हणून मागे 'माऽ'वर. डोळ्यांनाच दिसतं.

माझी हरकत मी मागे घेते. या तीन खुणांसह देवनागरी पुरेल.

पोट्टा_दारव्ह्याचा

क्लिंगॉनच्या टी-एल-एचले काय लिहाचं मंग?

ऋद्धिपुरी

'ट्ल़' असं, 'ल'खाली नुक्ता देऊन. मराठीत ते दुसऱ्या कशासाठी वापरत नाहीत, म्हणून गोंधळ होणार नाही.

विनोबांचा_वाचक

धामकाठी, तुमच्या नावावरून पवनार आठवलं. धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम. विनोबांनी कितीतरी भाषा शिकल्या, त्यात एस्पेरांतोचाही अभ्यास केला, जी झामेनहॉफनं 1887 साली जगासमोर ठेवलेली रचलेली भाषा. आणि भारतातल्या सगळ्या भाषा आपापल्या लिपीबरोबर नागरीतही लिहाव्यात हा त्यांचा आग्रह होता, त्यातूनच 1975 साली नागरी लिपी परिषद सुरू झाली. तुम्ही जे करता आहात ते त्या आग्रहाच्या फार जवळचं आहे. मुलांना एकदा पवनारला न्या.

सातपुडापायथा

दोथ्राकीतला एक उच्चार राहिलाच. 'खलीसी' असं सगळे म्हणतात, मालिकेत तसंच ऐकू येतं म्हणून. भाषा रचणाऱ्या पीटरसननं हा उच्चार चुकीचा असल्याचं सांगितलं आहे. दोथ्राकीच्या नियमानं पहिला 'ख़' वाहता, आघात पहिल्यावर आणि मधला स्वर 'ई' नसून दीर्घ 'ए': 'ख़ालेऽसि'. मुलांना दोन्ही सांगते, पण वर्गात दुसराच म्हणून घेते.

धामकाठी

मंडळी, मनापासून आभार. ठरलं ते असं. या आठवड्यात अक्षरवेल्हाळताई आणि ऋद्धिपुरी तक्ता तपासून देतील, मग मी तो वाचनालयाच्या भिंतीवर लावतो.

ऐकण्यासाठी: टोल्कीननं 1952 साली स्वतः टेपवर वाचलेला 'नामाऽरिए' उपलब्ध आहे. इतर भाषांचे रचनाकारही स्वतःच्या आवाजात उच्चार देतात. गावात नेटवर्क धड नाही, म्हणून तालुक्याला गेलं की उतरवून आणायचं आणि पेन ड्राइव्हवर ठेवायचं. हाय व्हॅलिरियन आणि क्लिंगॉनचे धडे ड्युओलिंगोवर अनुक्रमे 2017 आणि 2018 पासून आहेत, पण इंग्रजीतून. ते वापरताना हा तक्ता शेजारी हवाच.

आणि झाडीपट्टी सर, तक्त्यात एक स्तंभ कोलामीचा ठेवतो आहे. गावापासून जवळच्या पोडावरचे एक आजोबा यायला तयार झाले आहेत. शब्द ते म्हणतील, मुलं याच खुणांनी लिहितील.

पहिला सराव म्हणून भेटीच्या वेळचं एल्फांचं वाक्य खाली देतो. खुणा मुलांनी केल्या आहेत, चूक असेल तर सांगा.

एलेन् सीला लूमेन्न् ओमेन्तिएल्वो

'ओमेन्तिएल्वो': ओ लघु, मेन् गुरू, ति लघु, एल् गुरू, वो शेवटचं. शेवटून दुसरं गुरू, आघात 'एल्'वर.

अक्षरवेल्हाळ

बरोबर आहे. फक्त 'सीला'चा 'ला' आखूड म्हणून घ्या, मुलं तो ओढणारच.

पोट्टा_दारव्ह्याचा

क्लिंगॉनचे सगळे 21 व्यंजनं अन् 5 स्वर याच खुणांनी लिहून वेगळा धागा काढतो उद्या. ऋद्धिपुरी भौ, 'ट्ल़' तपासाले या तिथं.